पाटी ज्यानं लावली, त्यानंच काढायची

त्या रविवारी माझा फोन स्कूटरच्या डिकीत होता. राजगुरुनगरला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, आणि कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की फोन डिकीत टाकून आत जायचं, ही सवय मला माझ्या कंपनीतल्या दोस्तानं, अंगदनं लावलेली. माणसं समोर बसलेली असताना मांडीवरच्या फोनमध्ये काय बघायचं असतं, असं त्याचं म्हणणं. तर मी आपला निवांत. पंगतीत जिलेबी खाल्ली, व्याह्यांशी गप्पा मारल्या, बैलगाडा शर्यतीवरून एका पाहुण्याशी वादही घातला, आणि दीडच्या सुमाराला बाहेर येऊन डिकी उघडली. एकोणीस मिस्ड कॉल. चौदा अंगदच्या घरून, बाकीचे कंपनीतल्या पोरांचे. पहिला पावणेअकराचा. मला वाटलं, त्याच्या सोसायटीत काहीतरी भानगड झाली असेल. फोन लावला तो ऋतुजानं उचलला, अंगदच्या मुलीनं. रडत नव्हती ती. सपाट आवाजात एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले... पाटी लावलेली होती, म्हणून आम्ही दार उघडलंच नाही." खरं सांगतो, तिचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. दुसरं मात्र लगेच शिरलं, कारण ती पाटी मीच त्या घरात नेऊन दिली होती.

राजगुरुनगरहून चिंचवडला मी कसा आलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चाकणच्या चौकात रविवार असूनही कंटेनर एकमेकांच्या अंगावर आलेले, आणि मी त्या गर्दीत हॉर्नवर अंगठा दाबून मोठमोठ्यानं शिव्या देत होतो. कुणाला देत होतो कोण जाणे. मनात एकच चाललेलं, की हे खोटं असणार. बावन्न वर्षांचा माणूस, ना विडी ना तंबाखू. शनिवारी संध्याकाळी कंपनीच्या गेटवर माझ्या पाठीत बुक्की मारून, सोमवारी लवकर ये, नवा डाय उतरवायचाय, असं बजावून गेलेला. असा माणूस असा जातो होय? घरी पोचलो तर जिन्यापासून चपला. हॉलमध्ये त्याला निजवलेलं. चेहऱ्यावर दुखल्याखुपल्याची काही खूण नाही. त्याच्या मागं आतल्या खोलीचं दार सताड उघडं, आणि त्या दारावर खिळ्याला ती पाटी तशीच लटकत होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं. 'सेटिंग चालू आहे. हात लावू नये.' माणसं त्या दारातून आतबाहेर करत होती, पाटी हलत होती, पण दिवसभरात कुणी तिला हात लावला नाही.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनवर नवा डाय, म्हणजे साचा, चढवताना, मापं जुळवताना माणसाचे हात मशीनच्या आत असतात. अशा वेळी बाहेर ही पाटी लावायची पद्धत आहे. तिचा नियम एकच. पाटी ज्यानं लावली, त्यानंच काढायची. मधेच दुसऱ्या कुणी काढली आणि बटण दाबलं, तर आतल्या माणसाचा हात गेलाच म्हणून समजा. त्यामुळं आमच्याकडं मालकसुद्धा त्या पाटीपुढं गुमान थांबतो. म्हणजे बघा, ही पाटी माणसं वाचवायला असते. मी वीस वर्षं नव्या पोरांना हेच सांगत आलोय. आता सांगताना जीभ अडखळते.

अंगद मूळचा लातूरकडचा, औशाजवळच्या एका खेड्यातला. मी मोशीचा, म्हणजे इथलाच. आम्ही भेटलो भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपात, पंचवीसेक वर्षांपूर्वी. त्याला नोकरीची गरज होती आणि मला नव्हती, हा आमच्यातला मोठा फरक. आमची जमीन नुकतीच कारखान्यांत गेलेली, आणि रिकामा हिंडतोय म्हणून वडिलांनी मला तिथं चिकटवलेलं. माझं तोंड सकाळी आठला उघडायचं ते पाचलाच मिटायचं. हा मात्र ग्राइंडरवर मान खाली घालून उभा. लोखंडाचा तुकडा केसाहून बारीक मापात घासायचं ते काम, मान वर केली की बिघडलंच. मी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'मुका' असं पाडलं. तो रागावला नाही. जेवायच्या सुट्टीत मात्र हा मुका गावाकडचे असे काही किस्से सांगायचा, की हसता हसता आमचे डबे तसेच राहायचे. सुट्टी संपल्याची बेल झाली की वाक्य अर्धं टाकून उठायचा. पुढचं उद्या, म्हणायचा. मला भारी राग यायचा त्याचा.

आमची दोस्ती झाली ती माझ्या एका घोडचुकीमुळं. डायचा एक तुकडा माझ्याकडं शेवटच्या घासणीला आला होता. तिघांनी तीन आठवडे खपून तो तिथवर आणलेला. आणि मी मशीनवर हात ठेवून पलीकडच्या पोराला आदल्या दिवशीच्या बैलगाडा शर्यतीत कुणाची बारी कशी झाली, कुणाचे बैल कसे पळाले ते रंगवून सांगत होतो. अर्धा मिलिमीटर जास्त घासला गेला. अर्धा मिलिमीटर तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण तो तुकडा भंगार झाला. मालकानं सगळ्यांसमोर माझी आयमाय काढली. शिफ्ट सुटल्यावर मला थांबवून अंगदनं टेबलावर डायल गेज ठेवला. घड्याळासारखी तबकडी आणि एक सुई असलेलं मापाचं यंत्र ते. म्हणाला, या सुईकडं बघ, हालली की सांग. मी बघत राहिलो. एक मिनिट नसेल झालं, त्यानं सुई हलवलेली मला कळलीच नाही.

"कुटं गेलतास?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, गाडे पळतात त्या घाटात. तो हसला. "जाऊन आलास न्हवं? बरं झालं. आता बघ परत." असं त्यानं मला महिनाभर रोज पंधरा मिनिटं उभं केलं. मला शिकवणारे मास्तर खूप झाले, त्यांतला एकही मला बाकावर पंधरा मिनिटं बसवू शकला नव्हता. या माणसानं मला उभं करून दाखवलं, तेही न रागावता. आज चाकणला लोक मला कारागीर म्हणून ओळखतात, त्याची सुरुवात त्या सुईपाशी आहे, आणि हे मी त्याला तो जिवंत असताना एकदाही सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं माझं?

हे वाचून वाटेल, हा माणूस जन्मतःच एकचित्त असणार. छट्! बारावीला दोनदा नापास झालेला, कारण व्हॉलीबॉल आणि जत्रेतला तंबूतला सिनेमा. पुढं नेट स्वस्त झालं तेव्हा तर या गड्याचं पार घसरलं. दीड वर्ष. कंपनीत हात चालायचे कारण तिथं फोन नेता येत नव्हता, पण घरी आला की मान जी खाली जायची ती झोपेपर्यंत. जेवताना फोन, अंघोळीला पाणी तापेपर्यंत फोन. वहिनी, म्हणजे त्याची बायको सुनीता, मला फोन करून सांगायच्या, भाऊजी, तुमचे दोस्त संडासात जाऊन पाऊण तास झाला. आम्ही हसायचो. मग एक दिवस ऋतुजा, तेव्हा नववीत असेल, शाळेतलं भाषण बसवत होती आणि बाबाला समोर बसवून म्हणून दाखवत होती. मधेच थांबली. म्हणाली, मी आत्ता काय म्हणाले? त्याला एक शब्द सांगता येईना. ती आत निघून गेली. अंगदनं त्याच संध्याकाळी फोन ज्वारीच्या डब्यात टाकला. घरी आलं की फोन ज्वारीच्या डब्यात, हा नियम तेव्हापासून. वाजला की डबा गुरगुरायचा आणि वहिनी पदरानं फोन पुसून द्यायच्या. त्याला कुणी विचारलं की सांगायचा, दारू सुटलेल्या माणसानं दुकानावरून जायचं नसतं.

याच सुमारास त्यानं ठरवलं की डिप्लोमा करायचा. वय चव्वेचाळीस. तोवर आम्ही दोघं चाकणच्या एका कंपनीत आलो होतो. टूलरूम, म्हणजे जिथं सगळ्या कारखान्याचे साचे बनतात ती जागा, तिथलं सगळ्यात अवघड काम अंगदच करायचा, पण इनचार्ज व्हायला कागद लागतो, आणि तो त्याच्याकडं नव्हता. वर्षाला नवा पोरगा इनचार्ज म्हणून यायचा आणि काम अंगदकडूनच शिकून वर जायचा. मी म्हटलं, आता या वयात पोरांच्या बाकावर बसणार का राव? तो म्हणाला, बसलो तर चार वर्षांनी अठ्ठेचाळीसचा होईन, न बसलो तरी अठ्ठेचाळीसचाच होईन. संध्याकाळचं कॉलेज धरलं. सकाळी सहा ते साडेसात आणि रविवारी सात ते साडेदहा अभ्यास. पण चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत अभ्यास करायचा कसा? पाहुणे, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचं भांडण. दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार ढकलून काहीतरी विचारायचं. एकदा वैतागून मला म्हणाला, बाहेरचं लक्ष मी आवरलं बघ, आता घरच्यांचं कसं आवरू?

तेव्हा कंपनीत नव्या छापील पाट्या आल्या होत्या आणि जुन्या भंगारात निघाल्या होत्या. त्यातली एक मी उचलली आणि त्याच्या घरी नेऊन दिली. मस्करीच केली हो मी. म्हटलं, घे, आता तुझ्या डोक्याचं सेटिंग कर. त्याला ती इतकी आवडली की माझ्यासमोरच खिळा ठोकून टांगली, आणि बायकोला न् पोरीला समोर उभं करून नियम शिकवला, जसा आम्ही नव्या पोरांना शिकवतो. पाटी ज्यानं लावली, त्यानंच काढायची. तोवर दाराला हात नाही.

आणि त्या मायलेकींनी तो नियम असा पाळला, की काय सांगू. सोसायटीचे चेअरमन सहीसाठी आले तर वहिनींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. औशाहून अंगदचा सख्खा मेहुणा तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन न सांगता आला, तर त्याला दीड तास हॉलमध्ये बसवून ठेवलं, आणि बिचारा पाटीकडं बघत कुजबुजत बोलत होता. हे किस्से मी कंपनीत, गावात, लग्नाकार्यांत तिखटमीठ लावून सांगितले. चार वर्षांनी अंगद पहिल्या वर्गात पास झाला. वर्षभरात टूलरूमचा इनचार्ज झाला. कँटीनमध्ये सत्कार झाला तेव्हा त्याला दोन शब्द बोल म्हणाले. तो म्हणाला, "मी पास झालो ते काई हुशारीनं न्हाई. माझ्या घरच्यांनी चार वर्षं दार उघडलं न्हाई, म्हणून." आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या... ते वाक्य आता मला झोपू देत नाही.

ऋतुजा पुढं सिव्हिल इंजिनियर झाली आणि सरकारी कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेच्या मागं लागली. गेल्या वेळी अगदी थोडक्यात हुकली. यंदा पुन्हा बसणार होती. अंगदचा सगळा जीव त्यात. पोरगी धरणावर साहेब म्हणून उभी राहिलेली मला बघायची, असं दर चार दिवसांनी म्हणायचा. डिप्लोमा झाला तरी त्याचं रविवारचं बसणं चालूच होतं. कॉम्प्युटरवर डाय डिझाइन करायचं नवं सॉफ्टवेअर आलंय, आणि पंचविशीतली पोरं ते चुटकीसरशी करतात, आपण मागं पडायचं नाही, म्हणून तो आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचा. ऋतुजा हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर. बाप आत बसलाय म्हटलं की माझंही मन लागतं, असं ती मला एकदा म्हणाली होती. दोघांचा मिळून तो अभ्यास होता.

त्या रविवारीही तसंच. साताला चहा घेऊन तो आत गेला, पाटी लावली. एरवी साडेदहाला तो स्वतःच पाटी हातात घेऊन बाहेर यायचा आणि पोहे मागायचा. साडेदहा झाले, आला नाही. वहिनींना वाटलं, काहीतरी अवघड जागी अडकला असेल, पाच मिनिटं जाऊ देत. पोहे निवायला लागले तेव्हा त्यांनी बाहेरूनच हाक मारली. मग दुसरी. तरी त्यांचा हात दाराकडं जाईना. शेवटी पाटी न काढताच त्यांनी दार ढकललं. आतून कडी नव्हतीच कधी. अंगद टेबलावर डोकं टेकून होता, चष्मा कपाळावर सरकलेला, खुर्ची मागं गेलेली. नंतर दाखला आणायला मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट अटॅक, नऊच्या आसपास झाला असावा. लगेच आणला असता तर? असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सांगता येत नाही म्हणाले. म्हणजे नाही असंही म्हणाले नाहीत. नऊ ते पावणेअकरा. एवढंसं घर, मधे एक फळीचं दार. अलीकडं त्याची बायको आणि पोरगी भांडं वाजू न देता वावरत होत्या, त्याचं लक्ष मोडू नये म्हणून. मला अजूनही हे पटत नाही. लिहितोय, तरी पटत नाही.

दुखवट्याला लोक आले, बोलायचं म्हणून बोलले. एक जण म्हणाला, या वयात कशाला एवढा अभ्यास करायचा, त्याचाच ताण. दुसरा म्हणाला, पुण्यवान माणूस, तंद्रीत गेला. माझं डोकं सणकलं. पहिल्याला मी सांगितलं, अभ्यासानं माणूस मरत नाही, तू बघ की किती ठणठणीत आहेस. दुसऱ्याला काही बोललो नाही, कारण वहिनी ऐकत होत्या. पण अहो, कसली तंद्री? त्याला दुखलं असणार. तो उठायला बघत असणार. खुर्ची मागं गेलेली होती ना.

दहावा आळंदीला इंद्रायणीच्या काठी केला. परत आल्यावर वहिनी मला आतल्या खोलीपाशी घेऊन गेल्या. पाटी अजून दारावर होती. दहा दिवस घरात एवढी माणसं, कुणी काढली नव्हती. "भाऊजी, ती तेवढी काढा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्हीच काढायची होती की. तर त्या म्हणाल्या, "मला न्हाई काढता येत. त्यांनी लावलेली हाय." मी काढली. तार खिळ्यात अडकली होती, दोनदा ओढावी लागली. घरी न्यायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत नेऊन भंगाराच्या पेटीत टाकली, जिथून उचलली होती तिथंच.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. ऋतुजानं पुस्तकं पलंगाखाली ढकलली होती. हॉल तिकीट आलं होतं, ते तिनं उघडूनही बघितलं नव्हतं. परीक्षेला बसत नाही म्हणत होती, या वेळी नाही आणि पुढंही नाही. तुम्ही बोला, तुमचं ऐकंल, असं वहिनी म्हणाल्या. मी येताना मनात सगळं भाषण जुळवत आलो. बाबांची इच्छा, बाबांचे कष्ट, तू हरलीस तर त्यांच्या आत्म्याला काय वाटेल, वगैरे. गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसलो आणि मी सुरुवात केली. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि मला थांबवलं.

"काका, मला आवाज आला होता."

तीच बोलत राहिली. नऊच्या सुमाराला आतून खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला. मग काहीतरी घासल्यासारखा. ती उठली, दारापर्यंत गेली, दारावर हात ठेवणार एवढ्यात पाटी दिसली. बाबा चिडत नसत, पण त्यांची मांडलेली आकडेमोड विस्कटली तर पहिल्यापासून करावी लागते, हे तिला माहीत होतं. ती परत येऊन बसली. "आणि पुढचं गणित सोडवलं," ती म्हणाली. "ते बरोबरसुद्धा आलं, काका."

हिनं हे तीन आठवडे एकटीनं पोटात ठेवलं होतं, आईलाही सांगितलं नव्हतं, आणि मी तिला बाबांच्या इच्छेवर भाषण द्यायला आलो होतो. माझी मलाच लाज वाटली. शेवटी मी म्हणालो, पाटी मी आणली होती, ऋतू. ती म्हणाली, माहितीय. काही दिवस मला तुमचा इतका राग यायचा, की तुमचा आवाज नको वाटायचा. आता नाही येत. मग आम्ही दोघंही रडलो, चांगले मोकळेपणानं, समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालायची थांबली एवढं. चूक कुणाची हे मी तिला समजावलं नाही. मलाच समजलेलं नाही. अंगदनं जे कमावलं ते त्या बंद दारामागं कमावलं, हेही खरं, आणि त्याच दारामागं तो एकटा गेला, हेही खरं. कुणी मला म्हणालं की यातलं एकच धर, तर मी धरणार नाही.

मग मी विचारलं, तुला अभ्यासच नको झालाय का? ती म्हणाली, नाही, अभ्यास हवा आहे. बसावंसं वाटतं, पण त्या दाराकडं नजर गेली की उठून गॅलरीत येते. मी म्हटलं, उघडं ठेवून बस. तर म्हणाली, "उघडं दार कधीतरी मिटतंच ना, काका." आपण आयुष्यभर स्क्रू आवळणारी आणि सोडणारी माणसं. मी खाली जाऊन स्कूटरमधून पाना-पेचकस आणला. बिजागऱ्यांवर रंगाचे तीन थर बसलेले, ते खरवडून एकेक स्क्रू सोडवला. वहिनी येऊन दार धरून उभ्या राहिल्या. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा सगळं वजन त्यांच्या हातांवर आलं. आम्ही तिघांनी मिळून ते दार गॅलरीत नेऊन भिंतीला उभं केलं. खोलीतला उजेड हॉलमध्ये आला.

परीक्षा आता पुढच्या रविवारी आहे. काल मी त्यांच्याकडं गेलो होतो. ऋतुजा आत अंगदच्याच टेबलावर बसून लिहीत होती. वहिनी हॉलमध्ये मेथी निवडत होत्या, आणि दर थोड्या वेळानं, मान वर न करता, हाक मारत होत्या. "ऋतू?" आतून यायचं, "हं." परत चारपाच काड्या निवडून झाल्या की, "ऋतू?" "हं." मला राहवलं नाही. मी आत डोकावून ऋतुजाला म्हटलं, अगं, अशानं लक्ष कसं लागणार तुझं? ती म्हणाली, "हाक मीच मारायला सांगितलीय, काका. तुम्ही पण मारा." मग मी पण मारल्या. वहिनींचं झालं की मी, माझं झालं की वहिनी. प्रत्येक वेळी आतून 'हं' यायचं आणि पेनाचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. मी निघायच्या बेतात होतो. वहिनींनी हाक मारली, "ऋतू?" आतून काही आलं नाही. वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी आवाज फुटला. आम्ही दोघंही एकदम उठलो, मेथी सगळी जमिनीवर. ऋतुजा वहीवर वाकलेली होती. तिनं मान वर न करता डावा हात उचलला, थांबा अशी खूण केली, ओळ पुरी केली, आणि म्हणाली, "हं." वहिनी खाली बसून मेथी गोळा करायला लागल्या. मी चौकटीला धरून बराच वेळ तिथंच उभा राहिलो.